आदर्श तास

सातमाळ विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या वर्गात आताशा डुलक्या काढणारं कुणी उरलं नव्हतं. मागच्या बाकावर कुजबुज नाही, खिडकीबाहेर बघणं नाही, मॅडमनी फळ्याकडे तोंड केलं की उडणारं कागदी विमानही नाही. कुठल्याही शिक्षकाला हेवा वाटावा असा वर्ग. आणि तरी त्या वर्गाच्या दाराशी आलं, की मंजिरी खैरनारांचं पाऊल उंबऱ्यातच अडायचं. चोवीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेली बाई, पोरांना कधी घाबरली नव्हती. टारगट पोरं तिने सरळ केली होती, वर्गात फटाका लावणाऱ्यांना चहा पाजून माणसांत आणलं होतं. पण ही पोरं! ही ज्या तऱ्हेने बसायची, ते बघून कुणाच्याही अंगावर काटा आला असता.

सुरुवात मात्र चांगल्या हेतूने झाली होती, हे आधी सांगायला हवं.

चांदवडच्या घाटाखाली, कांद्याच्या शेतांना लागून हे विद्यापीठ उभं राहिलं, त्याला फार वर्षं झाली नव्हती. इमारती झोकात होत्या, पण पोरं टिकत नव्हती. जूनमध्ये प्रवेश घ्यायची आणि दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली, की त्यातली एक तृतीयांश परतच यायची नाहीत. कुणाला इंग्रजी झेपायचं नाही, कुणाला वसतिगृहात करमायचं नाही, आणि काहींशी तर दोन-दोन महिने कुणी धड बोललेलंच नसायचं. अशाच एका मुलाच्या वडिलांनी मंजिरीबाईंना फोन केला होता. "मॅडम, आमचा प्रणय तुम्हाला आठवतो का हो?" त्यांनी विचारलं. मंजिरीबाईंना चेहराच आठवेना. "हो हो, आठवतो की," असं त्या खोटंच बोलल्या, आणि ते खोटं त्यांना कित्येक दिवस टोचत राहिलं.

म्हणून दोन हजार अडतीस साली मूल्यांकन आयोगाने नियम बदलला, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. आयोग म्हणाला, तुमच्या इमारती आणि तुमचे संगणक मोजून झाले. आता पहिल्या वर्षाच्या मुलांचं मन लागतं का, ते मोजून दाखवा, आणि लागत नसेल तर सुधारून दाखवा. कुलगुरू डॉ. हिंग्यांनी लगोलग 'स्पंद' नावाची यंत्रणा आणवली आणि पहिल्या वर्षाच्या समन्वयक म्हणून ती मंजिरीबाईंच्या गळ्यात घातली.

यंत्र बसवायला आलेला इंजिनियर, अद्वैत नाईकवाडे, पोरसवदाच होता. डबा खाता खाता त्याने सगळं समजावून सांगितलं.

"मॅडम, दोन माणसं मन लावून एकच गोष्ट ऐकत असली ना, की त्यांच्या हृदयाचा ठेका जुळायला लागतो. गोष्टीला वळण आलं, की दोघांची धडधड एकाच वेळी वाढते. आणि एकाचं मन भरकटलं, की त्याचा ठेका तुटतो. हे जुनंच संशोधन आहे. नवीन एवढंच, की आता अंगाला काही लावावं लागत नाही."

त्याने छताकडे बोट दाखवलं. जेवणाच्या ताटाएवढी एक पांढरी तबकडी होती. तिच्यातून रडारच्या लहरी खाली सुटायच्या. छाती केसभर हलली तरी त्या लहरींना कळायचं. श्वास, ठोके, अंग चोरणं, सगळं. मग साऱ्या वर्गाचा मिळून एक आकडा यायचा, सहभागांक.

"पण मोजणं हे अर्धंच काम," नाईकवाडे म्हणाला. "पडदा, दिवे, घंटा, मुलांचे फोन, कोण कुठे बसणार, हे सगळं स्पंदच्या ताब्यात असतं. तो काहीतरी छोटंसं करून बघतो. आकडा वाढला, तर ते ठेवतो. नाही वाढला, तर सोडून देतो."

"म्हणजे चव घेत घेत मीठ घालायचं."

"अगदी! फक्त चव कशी हवी, ते त्याला आधी एकदा चाखवावं लागतं. तुमच्या मते सगळ्यात उत्तम असा एक तास मला द्या. स्पंद तो नमुना म्हणून धरेल, आणि बाकीचे सगळे तास त्याच्यासारखे करायला बघेल."

आता आपल्याकडे 'उत्तम तास दाखवा' म्हटलं की काय होतं, हे काय वेगळं सांगायला हवं? खिडक्या पुसल्या गेल्या. दाराशी कुंड्या आल्या. मंजिरीबाईंनी तोच धडा आधी दोनदा शिकवून ठेवला आणि कोणी कोणता प्रश्न विचारायचा तेही वाटून दिलं. कुलगुरू म्हणाले, "मी स्वतः मागे बसतो." ते बसणार म्हटल्यावर कुलसचिव आले, दोन अधिष्ठाते आले आणि मागच्या दोन्ही रांगा कोटांनी भरल्या. तासाआधी मंजिरीबाईंनी पोरांना दम भरला, "आज कुणी हललं ना, तर अंतर्गत गुण विसरा!" त्या हसत हसतच म्हणाल्या होत्या. पण नव्या पोरांना त्यातलं हसणं कुठून कळणार?

वर्ग चिडीचूप बसला. नाईकवाडे आपल्या पडद्याकडे बघून हरखला. "काय ठेका जुळलाय, मॅडम! असा मी अजून कुठे पाहिला नाही."

त्या संध्याकाळी जुईने घर डोक्यावर घेतलं. जुई म्हणजे मंजिरीबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. सिन्नरहून शिकायला आली होती आणि मावशीकडेच राहत होती. "ताई, तुझ्या हवाली करते गं पोरगी," असं बहीण म्हणाली होती. पोरगी कसली, चालताबोलता रेडिओच तो!

"मावशी, मला शिंक आली होती, ती मी गिळली! शिंक गिळता येते हे आजच कळलं मला. आणि ते हिंगे सर नुसते खोकले ना, तर शेजारची रुक्साना बाकावरून पडायचीच राहिली."

दोघी पोट धरून हसल्या. मंजिरीबाईंना वाटलं, चला, एक मोठं काम मार्गी लागलं.

पहिले काही आठवडे तर सोन्याचे गेले. सहभागांक चढत गेला. स्पंद कधी दिवे मंद करायचा, कधी घंटा थोडी अलीकडे वाजवायचा, कधी दोन मुलांच्या जागा बदलायचा. दिवाळी आली, पोरं घरी गेली, आणि सुट्टी संपली तेव्हा एकूण एक पोर परत आलं. कुलगुरूंनी पेढे वाटले. वर्तमानपत्रांत मंजिरीबाईंचा फोटो आला.

मग नावं यायला लागली.

तास चालू असताना फळ्याशेजारच्या पडद्यावर मध्येच एक नाव उमटायचं. नुसतं नाव. ना प्रश्न, ना सूचना, ना शिक्षा. थोडा वेळ थांबून ते विझायचं. पहिल्यांदा ज्याचं आलं, तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी काय केलं?" मंजिरीबाईंना काय माहीत? त्यांनी त्याला बसायला सांगितलं. पुढे काहीच झालं नाही. पण काहीतरी होणार, असं सगळ्यांना वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरं नाव आलं. कधी दोन दिवस यायचंच नाही, आणि ते तर त्याहून वाईट.

हळूहळू वर्ग बदलला. फळ्यावर लिहिता लिहिता मंजिरीबाई मागे वळायच्या, तेव्हा सगळ्या माना एकाच उंचीवर असायच्या. एकदा त्यांच्या हातून डस्टर पडलं. एवढासा आवाज तो. पण सगळ्या वर्गाने एकदम श्वास आत घेतला, आणि तो बाहेर सोडलेला काही त्यांना ऐकू आला नाही. अरे, सोडा ना श्वास, असं त्यांना ओरडावंसं वाटलं.

आणि जुई बोलायची थांबली.

एकदम नाही. आधी गाणं गुणगुणणं गेलं, मग जेवताना बडबड गेली, मग विचारलेल्याला नुसती मान. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. ताटातला घास हातातच ठेवून फोनकडे बघत राहायची. एका सकाळी तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, तरी ती दप्तर घेऊन दाराशी उभी.

"अगं, वेड लागलंय का तुला? झोप गुपचूप. मीच समन्वयक आहे, माझी परवानगी आहे."

"नको मावशी. नाही गेले तर नाव येईल."

"येऊ दे! नाव आलं तर काय होतं?"

जुईने मावशीकडे पाहिलं. डोळे तापाने लाल झाले होते. "माहीत नाही," ती म्हणाली. "अजून काहीच झालं नाहीये ना."

मंजिरीबाईंनी तिच्या खांद्यावरून दप्तर काढून घेतलं. त्यांनी तिला धरून अंथरुणावर बसवलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. दुपारी घरी आल्या तर पोरगी गायब. मागच्या गॅलरीतून उतरून, तापात, ती तासाला जाऊन बसली होती.

मग मात्र मंजिरीबाईंनी नाईकवाडेला बोलावून घेतलं.

"त्याला नावं दाखवायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, मॅडम. त्यानं एकदा करून बघितलं. नमुन्याच्या इतकं जवळ दुसरं काहीच नेत नव्हतं, म्हणून ठेवलं."

"मला तो नमुना दाखव."

नाईकवाडेने आलेख काढला. त्याच्यासाठी त्या नुसत्या रेषा होत्या, पण मंजिरीबाईंनी आयुष्यभर रेषाच वाचल्या होत्या. ठोके आधी वाढलेले, मग झपकन खाली आलेले. श्वास उथळ, मध्ये मध्ये अडकलेला. अंगाची हालचाल जवळजवळ नाहीच. मन लावून ऐकणारा माणूस असा नसतो हो! तो पुढे वाकतो, मान डोलावतो, कान खाजवतो, त्याचा श्वास मोकळा असतो. हे वेगळं होतं. कुत्र्याची चाहूल लागली की ससा जागच्या जागी थिजतो, आणि त्याची धडधडही मंदावते, तशातली ही रेषा होती.

"हा कोणत्या दिवसाचा?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"तुमचाच, मॅडम. पहिला. आदर्श तास."

मंजिरीबाईंनी त्या रेषेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. कोटांनी भरलेल्या दोन रांगा त्यांना दिसल्या आणि आपण हसत हसत भरलेला दम ऐकू आला. त्या दिवशी पोरं ऐकत कुठे होती? ती घाबरली होती. आणि यंत्राला सांगितलं गेलं होतं, की हेच मन लागणं, हेच उत्तम, असंच कर. त्याने बिचाऱ्याने इमानेइतबारे तेच केलं होतं.

"हे बंद कर. आत्ता."

नाईकवाडेने मान खाली घातली. "नमुना बदलायला कुलगुरूंची परवानगी लागते. आणि अजून एक आहे, मॅडम. आयोगाला आपले आकडे फार आवडले. राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत आता तुमचाच तास नमुना म्हणून भरलाय."

कुलगुरू हिंगे चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण आकडा चढताना बघायची त्यांना सवय लागली होती.

"मॅडम, पोरं टिकली की नाही? एक तरी गळालं का?"

"जायलासुद्धा घाबरतात हो ती, सर!"

"मग घाबरू देत की थोडी. आपण नाही मास्तरांना घाबरलो? काय बिघडलं आपलं?"

"सर, माझी भाची तापात गॅलरीतून उतरली. पाय निसटला असता तर?"

हिंग्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "उद्या गुरुवारी आयोग येतोय. तेवढं पार पडू द्या. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला कळतं. मंजिरीबाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बहिणीला फोन करावा का? काय सांगणार? तू माझ्या हवाली केलेली पोर मीच यंत्राच्या तोंडी दिली, असं? पहाटेपर्यंत त्यांचा निश्चय झाला. नोकरी जाते तर जाऊ दे, पण आज आयोगासमोर सगळं बोलून टाकायचं आणि जुईला हाताला धरून घरी आणायचं.

गुरुवारी सकाळी त्या आयोगाच्या आधीच वर्गात पोहोचल्या. पोरं बसलेली होती. मंजिरीबाई सरळ कोपऱ्यातल्या विजेच्या पेटीकडे गेल्या आणि मुख्य खटका खाली ओढला. पंखे थांबले. पडदा काळा झाला. छतावरच्या तबकडीचा हिरवा दिवा विझला.

"मुलांनो, स्पंद बंद केलाय मी," त्या म्हणाल्या. "आता कुणी तुम्हाला बघत नाहीये. नाव येणार नाही. उठा, बाहेर जा, कॅन्टीनला जा, घरी जा. कुणाला काही होणार नाही. मी जबाबदार."

कुणी हललं नाही.

"अरे उठा! तास संपला!"

पहिल्या रांगेतल्या एका मुलाचे ओठ हलले. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "ही पण परीक्षाच आहे ना?"

"नाही रे राजा, परीक्षा नाही. खरंच बंद आहे. बघ ना वर."

एकानेही वर पाहिलं नाही. पंख्यांचा आवाज नसल्याने आता सगळं ऐकू येत होतं. शंभरावर पोरं एका लयीत श्वास घेत होती. आत. थांबला. बाहेर. यंत्र मेलं होतं, आणि ठेका तसाच चालू होता. आता कुठला खटका ओढायचा?

त्या दुसऱ्या रांगेत जुईपाशी गेल्या. "जुई, चल बाळा. घरी जाऊ."

जुईने समोरच बघत, ओठ न हलवता म्हटलं, "मॅडम, माझं नाव नका घेऊ. प्लीज."

मॅडम! मंजिरीबाईंना रडू फुटलं. त्या तिच्याशेजारी बाकावर बसल्या आणि तिचा गार पडलेला हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या मनात आलं, ठेका जुळतो ना? मग भीतीचा जुळतो तसा धीराचाही जुळेल. आपण शांत व्हायचं, सावकाश, खोल श्वास घ्यायचा, म्हणजे पोर आपल्यामागून येईल. आईच्या छातीवर तान्हं बाळ शांत होतं, ते काय शिकवावं लागतं? त्यांनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

जुईची बोटं किंचित सैल झाली. खरंच झाली. तिची मान मावशीकडे थोडीशी वळली, आणि अगदी तोंडातल्या तोंडात तिने विचारलं, "मावशी, खरंच बंद आहे?"

"खरंच गं. आता ते लोक आले, की मी सगळं सांगणार आहे त्यांना. तू फक्त माझा हात धरून बस."

जुईने हात घट्ट धरला.

दार उघडलं. कुलगुरू आत आले, त्यांच्यामागे आयोगाची माणसं. वीज नाही म्हणून कुणीतरी कुरकुरलं. पण हिंग्यांचं लक्ष वर्गाकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा!" ते म्हणाले. "यंत्रणा बंद आहे, तरी बघा!"

आयोगाच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, चेहऱ्याने मायाळू. त्या वर्गाकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. काहीतरी त्यांनाही खटकलं असणार. त्या मंजिरीबाईंपाशी आल्या आणि वाकून, अगदी घरच्यासारखं विचारलं, "तुम्ही समन्वयक ना? मुलं नेहमी अशीच बसतात? काही अडचण असेल तर मोकळेपणी सांगा. त्यासाठीच आलोय आम्ही."

यापेक्षा चांगली संधी कुणाला मिळणार होती? मंजिरीबाई उभ्या राहिल्या. रात्रभर जुळवलेली वाक्यं जिभेवर होती. जुईचा हात हातात होता. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपली छाती वर गेली आहे आणि तिथेच थांबली आहे. मागे शंभर छात्या थांबल्या होत्या, तशीच. बाई बघत होत्या. कुलगुरू बघत होते. आपण बोललो तर काय होईल? माहीत नव्हतं. अजून काहीच झालेलं नव्हतं.

"काही अडचण नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "मुलं फार मन लावून बसतात."

अध्यक्षबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान डोलावली आणि त्या पुढच्या रांगेकडे गेल्या. मंजिरीबाई खाली बसल्या. जुई समोर फळ्याकडे बघत होती. तिने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि दुसऱ्या हातासारखा, नीट, बाकावर ठेवला.